शंभरची लाईन

हैदराबाद-नागपूर रस्त्यावरच्या इचोड्याच्या बाजारात भगवंतराव किराणावाल्यांच्या काट्याला नाव ठेवणारा माणूस शोधून सापडला नसता. आता भगवंतराव फार धर्मात्मा होते असं कुणी समजू नये. माणूस हट्टी, तापट आणि स्वतःच्या हुशारीवर जरा जास्तच खूश. पण बापाने दुकान हवाली करताना एक रीत घालून दिली होती आणि ती त्यांनी चाळीस वर्षांत कधी मोडली नव्हती. गिऱ्हाइकाने वजन कमी भरल्याची कुरकुर केली, की वाद घालायचा नाही. गल्ल्याखालच्या फडक्यातून सरकारी शिक्क्याचं लोखंडी किलोचं वजन काढायचं, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत आपल्याच काट्यावर ठेवायचं आणि आकडा दोघांनी मिळून बघायचा. आधी आपला काटा तपासायचा, मग दुसऱ्याला काय ते बोलायचं. नागपूरकडे जाणारे ट्रकवाले ही गंमत बघायला मुद्दाम कुरकुर करतात, असं भगवंतराव स्वतःच सांगायचे. खरं मानायचं की नाही, ते ऐकणाऱ्यावर.

दुकानाच्या मागेच घर. मध्ये एक जाड दगडी भिंत आणि तिच्यात बसवलेलं बुटकं दार. त्या घरात भगवंतराव आणि त्यांची बायको शकुबाई अशी दोनच माणसं राहत. मुलगा प्रज्वल हैदराबादला नोकरीला, सून आणि नात तिकडेच.

त्या वर्षी संक्रांतीला प्रज्वल आला तो अर्धी भिंत व्यापणारा टीव्ही घेऊनच. झालं होतं असं, की दिवाळीनंतर शकुबाई त्याला फोनवर एकदा म्हणाली होती, "त्या जुन्या डब्यात माणसायची तोंडं लईच बारीक दिसतात रे बाबू, ओळखूच येत नाई." प्रज्वल आईवर जीव टाकणारा, पण नोकरदार माणूस. आईला भेटायला वेळ नाही म्हटल्यावर आईसाठी वस्तू घ्यायच्या, हे त्याचं ठरलेलं. त्याने टीव्ही भिंतीला ठोकला, जुनी केबल काढून टाकली आणि सुरेंद्रला बोलावून इंटरनेटची लाईन ओढून घेतली.

हा सुरेंद्र गावातलाच, तिशीतला. इचोड्यापासून उटनूरच्या रस्त्यापर्यंत खांबाखांबावर त्याच्या वायरी लोंबत असत. पायात नेहमी चप्पल, खांद्यावर शिडी आणि खिशात वाजणारा फोन. प्रज्वलने त्याच्यासमोरच बापाला समजावून सांगितलं.

"बाबा, साधं चित्र पाच एमबीपीएसमध्ये बी चालते. पण ह्या टीव्हीचं पुरं चित्र पाह्यचं असन, एकदम बारीक बारीक दिसलं पाह्यजे असन, तर पंचवीस तरी लागते. तुमाले तीसचा प्लॅन घेऊन देल्ला हाये. पंचवीसच्या खाली आलं, का याले फोन करायचा."

एमबीपीएस म्हणजे काय, हे भगवंतरावांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण आकडा कळला, आणि आकडा कळला की त्यांना सगळंच कळल्यासारखं वाटे. तीस सांगितलं म्हणजे काट्यावर तीस भरलं पाहिजे. त्यात न कळण्यासारखं आहे काय?

नात चंचल चौदा वर्षांची होती. कबड्डी खेळायची. तिने आजीच्या गळ्यात पडून सांगितलं, की दसऱ्याच्या सुट्टीत त्यांच्या मोठ्या मॅचेस आहेत आणि त्या नेटवर लाइव्ह दाखवणार आहेत. शकुबाईने नातीला खेळताना एकदाही पाहिलं नव्हतं. गुडघ्यांमुळे हैदराबादचा प्रवास तिला झेपत नसे. त्या दिवसापासून तिने दसऱ्याचा ध्यास घेतला. शेजारच्या तुळजाबाईला तर तिने जेवायचं आमंत्रणही देऊन ठेवलं, आठ महिने आधी.

होळीच्या सुमाराला शकुबाईची तक्रार सुरू झाली.

"अवो, हा टीव्ही काई बरोबर नाई. बाजू बाजूचं दिसते. बाईचा पदर दिसते, बांगड्या दिसतात. अन् तोंडाच्या जागी पुसून टाकल्यावानी होते."

भगवंतराव जेवत होते. त्यांनी घास हातात ठेवून टीव्हीकडे पाहिलं. आता त्यांचा चष्मा दुकानात, गल्ल्यावर. घरात आलं की चष्मा बाहेर ठेवून यायचा ही त्यांची जुनी सवय, कारण घरात बघण्यासारखं काही नसतं असं त्यांचं मत. बिनचष्म्याच्या डोळ्यांना टीव्हीवरची बाई धूसर दिसली. बस, मामला मिटला. वजन कमी येत होतं.

सुरेंद्र आला, फोन काढून त्याने टीव्हीपाशी स्पीड मोजला. अकरा! मोडेमचा डबा दुकानात मिठाच्या पोत्यांमागे बसवलेला, मध्ये ती दगडी भिंत. अर्ध्याहून जास्त स्पीड भिंतच खात होती. सुरेंद्र ओशाळला. भगवंतरावांना मात्र केवढा आनंद झाला! चोर पहिल्याच दिवशी मुद्देमालासकट हाती लागला होता. पुढे जे झालं ते त्या अकराच्या आकड्यामुळे झालं. तो आकडा त्या दिवशी तीस आला असता तर भगवंतरावांनी कदाचित दुसरीकडे कुठे पाहिलं असतं.

डबा घरात आला. स्पीड अठ्ठावीस भरला. भगवंतरावांनी बायकोला विचारलं, "आता?"

शकुबाई पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो, जरासं बरं वाटते." नवऱ्याने आणि परक्या माणसाने एवढी धावपळ केल्यावर काहीच फरक नाही म्हणायला तिची जीभ रेटली नसावी.

महिनाभराने पुन्हा तेच. सुरेंद्रने डब्यापासून टीव्हीपर्यंत वायर टाकली, म्हणजे हवेत काही सांडायला नको. तरी तेच. मग पन्नासचा प्लॅन झाला. उन्हाळा संपता संपता शंभरचा झाला. सुरेंद्र सांगून थकला, "काका, पंचवीसच्या वर कितीबी टाका, चित्र तेच राह्यते. घागर भरली का वरून ओतून फायदा नाई." पण त्या सांगण्यात भगवंतरावांना पळवाट दिसली. त्यांनी कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी गोड हिंदीत म्हणाली, "सर, आपका स्पीड पूरा आ रहा है." भगवंतराव उसळले. "पूरा आ रहा है तो मेरी घरवाली क्या झूठ बोलती है?"

यातलं शेवटचं वाक्य त्यांनी बाजारात पुढे कित्येकांना ऐकवलं. आपण बायकोसाठी कंपनीशी भांडतो आहोत याचा त्यांना मनातून अभिमान होता. संसारात त्यांनी शकुबाईसाठी असं उघड उघड फारसं काही केलं नव्हतं. वय झाल्यावर हे एक सापडलं होतं आणि ते जीव लावून करत होते. त्यांची चूक सांगताना हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर तो अन्याय होईल.

बाकी काय काय होत होतं, ते त्यांना दिसत नव्हतं असं नाही. शकुबाई वरणात दोनदा मीठ घालू लागली. चहा कपाबाहेर सांडू लागला. दुकानातली डाळ निवडायचं काम तिने आपणहून सोडलं आणि भगवंतरावांना वाटलं, आता हिला आराम हवा. एकदा तुळजाबाई गल्लीत समोरून आली, हसली, आणि शकुबाई तिच्याकडे न बघता पुढे निघून गेली. तुळजाबाई तोंड पाडून दुकानात आली. "शकुबाईले मोठा टीव्ही आला, तवापासून आमी दिसत नाई वाटते." भगवंतराव हसले. म्हणाले, "तिचं ध्यान सगळं शिरेलमधी राह्यते वो, मनावर नका घेऊ." तुळजाबाईने मनावर घेतलं आणि ती यायची बंद झाली. शकुबाईला बिचारीला कळलंच नाही, ती का रुसली ते.

पोळा झाला आणि भगवंतरावांनी सुरेंद्रला निर्वाणीचा निरोप धाडला. दसरा महिन्यावर आला आहे, नातीचा खेळ आहे, तोपर्यंत चित्र साफ झालं नाही तर तुझी वायर तोडून तुझ्या घरी पोचती करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता सुरेंद्र लॅपटॉप घेऊन हजर झाला. तोही वैतागला होता. सहा महिन्यांत त्याने या एका घराच्या जितक्या चकरा मारल्या, तितक्या सासरच्या मारल्या नसतील. भगवंतराव गल्ल्यावरून उठून तसेच आत आले, डोळ्यांवर चष्मा राहूनच गेला.

सुरेंद्रने मोजून दाखवलं. शहाण्णव. "पाहा काका. ह्या एका टीव्हीले पंचवीस लागते. तुमच्याकडे चार टीव्ही चालतीन येवढं येऊन राह्यलं. आता मी पुऱ्या क्वालिटीचा व्हिडिओ लावतो. तुमीच सांगा."

पडद्यावर पक्षी आला. खंड्या. पाण्याकडे झुकलेल्या फांदीवर बसलेला, निळ्या पाठीचा. भगवंतराव बघतच राहिले. पिसाची एकेक काडी वेगळी दिसत होती. चोचीच्या टोकाला पाण्याचा थेंब लटकला होता. इतकं साफ त्यांनी खरा खंड्यासुद्धा कधी पाहिला नव्हता.

त्यांचा राग आपोआप विरघळला. खुशीत येऊन ते म्हणाले, "वा रे वा! झालं ना आता? अवं, पाह्य काय पाखरू हाये!"

शकुबाई खाटेवर बसली होती. टीव्हीकडे तोंड करून, अगदी समोर. तिने विचारलं, "कोठं?"

"कोठं म्हंजे? समोर! फांदीवर!"

"फांदी दिसते," शकुबाई म्हणाली. "पाखरू नाई दिसत."

पक्ष्याने पाण्यात सूर मारला, चोचीत मासा घेऊन परत येऊन बसला. सुरेंद्रने हळूच टीव्हीचा आवाज बंद केला.

भगवंतरावांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग चष्मा काढला. पाखरू धूसर झालं. चष्मा घातला, पाखरू साफ. असं त्यांनी दोनतीनदा केलं.

"काकू," सुरेंद्र म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला (डॉक्टरांनी त्याच्या आईचे डोळे असेच तपासलेले त्याने पाहिले होते), "एक डोळा हातानं झाका बरं. आता ते दार पाहा. चौकट कशी दिसते?"

"वाकडी," शकुबाई म्हणाली. "मधी वाकून गेली हाये. लई दिवस झाले. मले वाटलं, ट्रकायच्या धक्क्यानं भिंत खचली. यायले सांगणारच होती."

"दुसऱ्या डोळ्यानं?"

"दुसऱ्यानं चौकटच नाई दिसत मधातली. त्याचं सोड."

चौकट सागवानी होती, ओळंब्याने सरळ बसवलेली. भगवंतरावांच्या बापाने स्वतः उभं राहून बसवून घेतलेली. भगवंतराव तिला धरून उभे राहिले.

प्रज्वलने गाडी पाठवली आणि तिसऱ्या दिवशी ते हैदराबादला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंसमोर होते. बाई मध्यमवयीन, मराठी बोलणाऱ्या. त्यांनी डोळ्यांच्या आतले फोटो काढून भिंतीवरच्या दिव्याला लावून दाखवले. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, बरोबर मध्यभागी, रक्त आणि पाणी झिरपलं होतं. माणसाचा चेहरा, अक्षर, सुईचं नाक, जे जे बारीक बघायचं ते सगळं त्या मध्यावर उमटतं. आता तिथे व्रण झाला होता. कडेची नजर राहील. मधली परत येणार नाही. उजव्या डोळ्यात इंजेक्शन देऊन पाहू, पण ते आहे तेवढं धरून ठेवण्यासाठी.

"हे सुरुवातीला कळलं असतं तर बरंच वाचवता आलं असतं," बाई म्हणाल्या. "चेहरे पुसट दिसायला कधीपासून लागले?"

उत्तर भगवंतरावांनी दिलं. "होळीपासून. तिच्याबी आधी. जुन्या टीव्हीत बी दिसत नवतं तिले."

"मग इतके महिने तुम्ही काय करत होता?"

त्यांना खोटं सांगता आलं असतं. शेताची कामं, दुकान, घरातलं आजारपण, काहीही. पण बापाची रीत उशिरा का होईना आठवली होती. ते म्हणाले, "स्पीड वाढवून राह्यलो होतो, बाई. तीसचा पन्नास केला, पन्नासचा शंभर केला."

डॉक्टरीणबाईंना काही उमगलं नाही. त्यांनी प्रज्वलकडे पाहिलं. प्रज्वल दोन्ही हातांत तोंड लपवून बसला होता. टीव्ही त्यानेच आणला होता.

परतीच्या वाटेवर शकुबाई मागच्या सीटवर, इंजेक्शनच्या डोळ्यावर पट्टी. निर्मल मागे पडलं, घाट आला. भगवंतरावांना राहवलं नाही.

"तू काऊन बोलली नाई वं? दुसरं बी दिसत नसन ना तुले. सुई दिसत नसन, डाळ दिसत नसन. एकदा म्हणून त पाह्यचं होतं, का माह्याच डोळ्याले काई झालं."

शकुबाईने जरा विचार केला. तिच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं.

"मले एकदोनदा वाटलं होतं तसं," ती म्हणाली. "पण तुमी येवढे भांडून राह्यले होते त्याच्याशी. कंपनीले फोन लावले. मंग मले बी वाटलं, नेटच असन. तुमी मापात कदी चुकत नाई ना."

भगवंतरावांनी तोंड खिडकीकडे केलं. घाटातला साग फुलला होता. डोळ्यांवर चष्मा होता, तरी त्या दिवशी तो नीट दिसला नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी दुकानात एक म्हातारा अर्ध्या किलोच्या साखरेत वजन कमी भरलं म्हणून कुरकुरला. भगवंतराव खाली वाकले, फडक्यातलं वजन काढलं आणि ते हातात धरून तसेच बसून राहिले. म्हातारा घाबरला. "राहू द्या सावकार, असन बरोबर," म्हणत तो निघून गेला. बाजारात कुजबुज झाली, की भगवंतरावांचं आता वय झालं.

तुळजाबाईला खरं कळलं तेव्हा ती धावत आली आणि शकुबाईच्या गळ्यात पडून रडली. शकुबाईच तिची समजूत घालत बसली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी चंचलचा सामना होता. सुरेंद्र न बोलावता आला, सगळं जोडून दिलं, दोन वेळा तपासलं. जाताना दारात घुटमळला. "काका, शंभरचा प्लॅन कमी करून देऊ का? पंचवीस पुरते. उगीच कायले..."

"राहू दे," भगवंतराव म्हणाले.

चित्र एकदाही अडकलं नाही. असं स्वच्छ चित्र इचोड्यात कुणाच्या घरी आलं नसेल. चंचल लाल बनियनमध्ये, पाठीवर सातचा आकडा. भगवंतराव चष्मा लावून बसले होते आणि बायकोला सांगत होते. तिकडच्या पोरी किती आहेत, चंचल कशी आत घुसली, कुणी पाय धरला, कशी सुटली. जन्मात त्यांनी कधी कबड्डीत लक्ष घातलं नव्हतं, त्यामुळे ते चुकीचं सांगत, मग दुरुस्त करत. तुळजाबाई मधूनच ओरडत होती.

"तिचं तोंड कसं दिसून राह्यलं?" शकुबाईने विचारलं.

कॅमेरा नेमका चंचलच्या जवळ आला होता. घामाने केस कपाळाला चिकटलेले, हनुवटीवर ओरखडा, आणि नाक थेट शकुबाईचं. लग्नात मुंडावळ्यांच्या आडून दिसलं होतं, तेच. भगवंतरावांना सगळं दिसत होतं.

"चांगलं दिसते," एवढंच ते म्हणाले.

शकुबाई हलली. डॉक्टरीणबाईंनी तिला शिकवलं होतं, की समोर बघून दिसत नाही तेव्हा नजर बाजूला न्यायची, म्हणजे कडेच्या नजरेत थोडं पकडता येतं. तिने टीव्हीकडे पाठ फिरवल्यासारखं केलं आणि तोंड बरोबर भगवंतरावांकडे आणलं. तिचे डोळे त्यांच्या चेहऱ्यावर येऊन थांबले. ते क्षणभर सुखावले, पण ती त्यांना बघत नव्हती. ती टीव्ही बघत होती.

"लाल काईतरी पळून राह्यलं," ती आनंदाने म्हणाली. "तीच ना?"

"हो, तीच."

सामना संपला. चंचलचा संघ हरला होता, पण ते भगवंतरावांनी तिला सांगितलं नाही. ते उठायला लागले तशी शकुबाई म्हणाली, "थांबा जरा. चष्म्यात कसे दिसता पाहू द्या. घरात कदी घालतच नवते." आणि त्यांना बघण्यासाठी तिने त्यांच्यापासून तोंड फिरवलं.